रात्री दोन वाजताचा निर्णय

मंगळवार, रात्र

दातांचा दवाखाना बंद करून विश्रामबागेतून घरी यायला आज साडेनऊ झाले. पाऊस दिवसभर धरून होता. आयर्विन पुलाजवळ माणसं थांबून नदीचं पाणी बघत होती. २०१९ च्या महापुरापासून सांगलीत पाऊस लागून राहिला की सगळ्यांची नजर आधी कृष्णेकडे जाते. जेवण झालं, पण झोप येईना, म्हणून वही उघडली. दुपारचं एक वाक्य डोक्यातून जात नाही. 'तुम्ही सांगाल तसं करतो, मॅडम.'

म्हणणारी चोवीस-पंचवीस वर्षांची आई होती. तासगावच्या बाजूचं माहेर, आता कुपवाडला राहते. मांडीवर सव्वादोन वर्षांचा मुलगा, शेजारी सासूबाई. मुलाचा वरचा ओठ हळूच उचलला. वरचे चारही पटाशीचे दात तपकिरी झालेले, दोन तर हिरडीपाशी खचले होते. खालचे दात मात्र पांढरेशुभ्र. असं तोंड पाहिलं की पुढचा प्रश्न विचारायची गरजही पडत नाही. मूल बाटली तोंडात धरून झोपतं, दूध वरच्या दातांवर साचून राहतं, झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे ते धुऊनही निघत नाही. खालचे दात जिभेखाली झाकलेले, म्हणून वाचतात.

तरी मी विचारलं. रात्री किती वेळा? तीनदा. साखर? दोन चमचे. हे सांगताना तिची मान इतकी खाली गेली की मला पुढचं विचारवेना. आधी एका ठिकाणी दाखवलं होतं, तिथे तिला 'आई म्हणून लक्ष नको का?' असं ऐकावं लागलं होतं. त्यानंतर ती चार महिने कुठल्याच दवाखान्याची पायरी चढली नाही. दात खचले ते याच चार महिन्यांत.

तिचा नवरा एमआयडीसीत कामाला. आठवडा बदलला की पाळी बदलते. घर दोन खोल्यांचं. बाळ रडलं की नवरा उठतो, सासरे उठतात, भिंतीपलीकडचे शेजारीही उठतात. अंधारात बाटली तोंडात दिली की दोन मिनिटांत घर शांत होतं. ती बाटली आळसापोटी कुणी देत नव्हतं. कुणाची तरी झोप सांभाळण्यासाठी ती दिली जात होती. हे कळल्याशिवाय 'बाटली बंद करा' असं नुसतं सांगणं म्हणजे तिला रात्री दोन वाजता एकटीला सोडून देणं. दोन वाजता मी तिथे नसते. तिथे ती असते, रडणारं मूल असतं आणि कूस बदलणारा नवरा असतो. त्या घरात त्या वेळी निभावता येईल एवढाच निर्णय खरा. बाकीचं सगळं आमच्या खुर्चीवरचं बोलणं.

म्हणून तिला म्हटलं, 'मी सांगेन तसं नको. तुमच्या घरात काय जमेल ते आधी तुम्ही मला सांगा.' ती गप्पच राहिली. बोलल्या त्या सासूबाई. 'आवं डॉक्टरीणबाई, दूध तोडलं तर पोराच्या पोटात काय जायाचं? वाळून जाईल की लेकरू.'

भीती खरी होती, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं होतं. सव्वादोन वर्षांच्या, दिवसा बरं जेवणाऱ्या मुलाला रात्रीच्या दुधाची गरज नसते. उलट रात्रभर दूध पिणारं मूल सकाळी भाकरीला तोंड लावत नाही, आणि दात दुखायला लागले की चावायचंच टाळतं. वाळतं ते तेव्हा. संध्याकाळच्या जेवणासोबत पेल्यातून दूध द्या, मग दात घासा, त्यानंतर फक्त पाणी. बाटलीतली साखर आजच बंद. दुधात रोज थोडं पाणी वाढवत न्यायचं, आठ-दहा दिवसांत नुसतं पाणी उरलं की बाटलीची गोडी आपोआप सुटते. पेस्ट फ्लोराइडची, पण तांदळाच्या दाण्याएवढीच. ब्रश मोठ्या माणसाच्या हातात हवा.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. थोड्या वेळानं सुनेकडे न बघताच म्हणाल्या, 'मग धा दिस माझ्याजवळ निजू दे त्याला. मला तसंबी झोप न्हाई.' सून एकदम वर बघायला लागली. 'आत्या, तुम्हाला बीपीचा त्रास...' तेवढंच म्हणाली. इलाज खरा इथेच ठरला, माझ्या एकाही औषधाविना.

मुलाच्या वडिलांना फोन लावून स्पीकरवर घेतलं. त्यांचं म्हणणं मी रोज ऐकते. दुधाचेच दात, पडणारच आहेत, खर्च कशाला? रागावण्यासारखं त्यात काही नाही. पुढचे दात मूल सहा-सात वर्षांचं होईपर्यंत लागतात, दुधाच्या दाढा तर दहा-बारा वर्षांपर्यंत. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. पुढची दुधाची दाढ किडून लवकर काढावी लागली तर ही मागची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा खाते. ही पडणारी दाढ म्हणजे येणाऱ्या दाताची जागा धरून बसलेलं माणूस, एस.टी.त रुमाल टाकतात तसं, असं मी म्हटलं. पलीकडून 'बरं' आलं. ज्या दोन दातांवर कीड अजून वरवर होती तिथे ती थोपवणारं औषध लावलं. डाग काळा पडणार हे आधी सांगितलं, आईला आरशात त्या जागा दाखवल्या, तिनं हो म्हटल्यावरच लावलं. खचलेल्या दोन दातांचा निर्णय पुढच्या भेटीत. आजच्या आज ठरवायची घाई नव्हती, आणि तेवढं ओझं एका दिवसात तिच्यावर टाकायचं नव्हतं.

निघताना सासूबाईंच्या पिशवीत बेदाण्याची पुडी दिसली. सुनेच्या माहेरच्या बागेतले, पोराच्या मुठीत दिवसभर असतात. बेदाणा चांगलाच, पण तो दाढेच्या खाचेत चिकटून बसतो. किती खाल्ला यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ला हे दातांना जास्त भोवतं. 'जेवताना द्या, सगळे एकदम द्या' म्हटलं. तासगावच्या माणसाला बेदाणे बंद करा असं सांगणं माझ्या तोंडून होणार नाही, आणि गरजही नाही.

संध्याकाळी अगदी वेगळं घर. साडेतीन वर्षांची मुलगी, अंगठा चोखते. आई-वडील दोघंही शिक्षक. सगळं वाचून आलेले, आणि म्हणूनच जास्त घाबरलेले. कडुनिंब लावून झाला. मिरची लावली तेव्हा तोच हात डोळ्यांना लागला आणि पोर तासभर ओरडत होती. हे सांगताना वडिलांचा आवाज फुटला. आता त्यांना अंगठा चोखता येऊ नये म्हणून तोंडात तार बसवून हवी होती, पुढच्या वर्षी शाळा आहे म्हणून.

मुलीचा अंगठा हातात घेऊन पाहिला. चोखणाऱ्या मुलांचा तो अंगठा इतर बोटांपेक्षा स्वच्छ असतो, सुरकुतलेला, कधी घट्टा पडलेला. हिचा नुसताच मऊ होता. झोपताना तोंडात ठेवते, गाल आत ओढले जात नाहीत, गाढ झोपली की अंगठा आपोआप सुटतो. वरच्या-खालच्या दातांत किंचित फट आहे. कायमचे पुढचे दात यायच्या आत सवय सुटली तर अशी फट बहुतेक वेळा आपली आपण भरून येते. बरीच मुलं दोन ते चार वर्षांच्या दरम्यान स्वतःच सोडतात. चोखणं बाळ पोटात असतानाच शिकतं, सोनोग्राफीत दिसतंही. जे आधाराला म्हणून जन्माआधीपासून सोबत आहे, ते तिखट लावून कसं सुटेल?

थांबा, असं सांगायला मला आज जड गेलं नाही. पूर्वी जायचं. दवाखाना सुरू करून दोन वर्षं झाली होती तेव्हा एका पाच वर्षांच्या मुलाला आई-वडिलांच्या आग्रहावरून मी तार बसवली होती. अंगठा आठवड्यात सुटला. मला अभिमान वाटला. तीन आठवड्यांनी आई आली ती रडतच. मुलगा रात्री दचकून उठत होता, डोक्याचे केस उपटत होता. मग कळलं की दोन महिन्यांपूर्वी घरात धाकटी बहीण आली होती आणि तो आजीकडे झोपायला लागला होता. हे मी विचारलंच नव्हतं. मी दातांतली फट मोजली होती, घरातली मोजली नाही. तार काढली, त्या मुलाची माफी मागितली. त्याला ती समजली की नाही कुणास ठाऊक, मला मागायची होती. तार वाईट नाही. मुलाला स्वतःला सोडायचं असेल आणि जमत नसेल तेव्हा ती मदत करते. त्याच्या मनाविरुद्ध बसवली की ती शिक्षा होते.

म्हणून आज पहिला प्रश्न तोच विचारला, घरात अलीकडे काय बदललं? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आई म्हणाली, 'माझी बदली जतला झालीय. मी सोमवारी जाते, शुक्रवारी येते.' मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मुलगी खाली बसून माझ्याकडच्या प्लास्टिकच्या जबड्याचे दात मोजत होती, अकराच्या पुढे परत एक.

ठरलं ते एवढंच. टोकणं पूर्ण बंद, पाहुण्यांसमोर तर अजिबात नाही. आईची एक जुनी मऊ ओढणी झोपताना हातात द्यायची. रात्री आईचा फोन, गोष्ट होईपर्यंत. चार महिन्यांनी फट पुन्हा बघू. वडिलांनी विचारलं, 'आणि नाहीच सुटलं तर?' मी म्हटलं, चार-पाच वर्षांची झाली की तिलाच विचारू, ती तेव्हा बोलू शकेल.

मधल्या वेळात एक फोनही आला होता. बाळाचे वरचे दात आधी आले, मामाला वाईट म्हणतात, खरं का? दात कुठल्या क्रमानं येतील हे प्रत्येक बाळाचं थोडं वेगळं असतं, मामाला काही होत नाही, असं सांगितलं. पलीकडे मामाच होता.

बारा वाजत आले. कुपवाडच्या त्या घरात आज पहिली रात्र. साखर नसलेली पहिली बाटली. पोरगं रडणार, दोनेक रात्री तरी नक्की. शुक्रवारी सासूबाईंना फोन करायचा, सकाळी नऊच्या आत. नंतर त्या गणपतीच्या देवळात जातात.