मुदपाकखान्यातलं हिमोग्लोबिन

लेकीकडे जर्मनीत श्टुटगार्टला तीन आठवडे राहून आले. काय काय पाहिलं म्हणाल तर पाऊस, बेकऱ्या आणि जावयाचं ऑफिस कधी सुटतंय याची वाट. पण ट्यूबिंगेनचा एक दिवस सांगितल्याशिवाय राहवत नाही.

रेल्वेने तासाभरावरचं गाव. लोक तिथे नेकार नदीत लांब काठीने ढकलायच्या होड्यांत बसतात. आम्ही किल्ल्याची चढण धरली. दगडी रस्ता असा उभा, की माझ्या गुडघ्यांना पन्हाळा आठवला. लेकीला बघायचा होता मॅमथच्या दातातून कोरलेला घोडा, चाळीसेक हजार वर्षांपूर्वीचा. आहे सुरेख, अंगठ्याएवढा. मी मात्र मुदपाकखान्यात अडकले.

म्हणजे एके काळचा मुदपाकखाना. जाड भिंती, वर कमानी. एकोणिसाव्या शतकात विद्यापीठानं तिथे रसायनशाळा थाटली आणि १८६१ मध्ये तिथे आला फेलिक्स होप्पे-झायलर. शिकलेला डॉक्टर, पण ओढा रसायनाचा. रक्तातून प्रकाश सोडला की वर्णपटात काळे पट्टे उमटतात, हे त्यानं १८६२ मध्ये दाखवलं. त्या लाल द्रव्याला १८६४ मध्ये ‘हिमोग्लोबिन’ हे नावही त्यानंच दिलं.

मी तिथेच थबकले. एकतीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली. दिवसाला पन्नास वेळा ‘एचबी’ लिहिलं असेल, पण या शब्दाचं बारसं कुणी केलं असेल, हे एकदाही मनात आलं नाही. सुरुवातीला आमच्याकडे साहलीची नळी होती. बोट टोचायचं, पिपेटने २० घन मिलिमीटर रक्त तोंडानेच ओढायचं (आता कुणी करू देणार नाही), ते अ‍ॅसिडमध्ये सोडायचं, दहा मिनिटं थांबायचं. मग थेंबथेंब डिस्टिल्ड वॉटर घालून काचेच्या काडीने ढवळत, तो तपकिरी रंग बाजूच्या काचेशी जुळेपर्यंत खिडकीपाशी डोळे ताणायचे. ढगाळ दिवशी कुणाचं एचबी किती निघेल, ते देवच जाणे.

त्या खोलीत गर्दी होती ती दुसऱ्याच नळीपाशी. फ्रीडरिश मीशर हा बाझेलचा तरुण डॉक्टर होप्पे-झायलरकडे शिकायला आला. दवाखान्यातून पुवानं भरलेली बँडेजं मागवून, त्यातल्या पेशी धुऊन, डुकराच्या जठरातल्या पेप्सिननं प्रथिनं पचवून, १८६९ मध्ये त्यानं पेशीकेंद्रातून एक नवीनच पदार्थ काढला. त्यात फॉस्फरस होता. नाव ठेवलं न्यूक्लीन. तेच आजचं डीएनए. पुढे बाझेलला साल्मन माशाच्या शुक्रपेशींतून त्यानं काढलेल्या न्यूक्लीनची नळी तिथे ठेवली आहे आणि जो तो तिचेच फोटो काढतो. वाईट वाटलं. अहो, ज्याच्या छपराखाली हे झालं, त्याच्याकडेही जरा बघा की!

त्यातून लेक फलक वाचून म्हणते, “बघ आई, तुझ्या सरांनी त्या पोराचा पेपर दोन वर्षं अडवला.” अडवला हे खरं. इतका विलक्षण निकाल छापायच्या आधी त्यांनी सगळे प्रयोग स्वतः पुन्हा करून पाहिले आणि मग १८७१ मध्ये छापला. मीशर किती चरफडला असेल! पण मी सरांच्या बाजूची. एकदा सॅम्पलमध्ये बारीकशी गुठळी होती, मशीननं एचबी पाच दाखवलं. संध्याकाळची घाई, मी रिपीट न करता रिपोर्ट सोडला. पेशंटचे नातेवाईक रक्ताच्या बाटल्यांसाठी दोन ब्लड बँका फिरले. नवीन सॅम्पल घेतलं तर साडेअकरा. ती बाई मला काही बोलली नाही. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत माझ्या हाताखालच्या पोरी मला मागे ‘रिपीटबाई’ म्हणायच्या.

होप्पे-झायलर पुढे १८७२ मध्ये श्ट्रासबुर्गला गेला आणि शरीररसायनाचं स्वतंत्र नियतकालिक १८७७ मध्ये सुरू केलं. हे लेकीनं उतरताना मोबाइलवर वाचून दाखवलं. माझं लक्ष पायऱ्यांकडे. तेवढ्यात ती सहज बोलून गेली, की मागच्या महिन्यात तिचं एचबी नऊ आलं होतं.

“रिपीट केलंस?”

“आई, तू रिटायर झालीयेस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी तिला लॅबच्या दारात उभी केली.