एक वर्षाचा एलएलएम आणि अप्रूव्हलची फाईल – माझा अनुभव

आंतरराष्ट्रीय मानवी हक्क कायद्यात करियर कसं करायचं, युएनमध्ये कसं जायचं असं विचारणारी मुलं-मुली मला सारखी भेटतात, आणि सगळ्यांचे प्रश्न जाण्याबद्दलच असतात, स्कॉलरशिप कुठली, एसओपी (अर्जासोबतचा निबंध) कसा लिहायचा, आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा) किती लागतं वगैरे. परत येऊन इथल्या लॉ कॉलेजात शिकवायचं असेल तर पुढे काय होतं हे कुणी विचारत नाही आणि कुणी आपणहून सांगतही नाही. मला तेच सांगायचंय, कारण माझं सगळ्यात जास्त रक्त तिथेच आटलंय आणि अजूनही विद्यापीठाचं ते मान्यतेचं ऑफिस आठवलं की डोकं तापतं.

जाण्याचं थोडक्यात उरकते. मी लातूरला प्रॅक्टिस करत होते, विधी सेवेच्या (गरिबांना मोफत वकील देणाऱ्या सरकारी सेवेच्या) पॅनेलवर होते, कच्च्या कैद्यांचे जामीन हे मुख्य काम. जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून आतच राहिलेली माणसं बघितली आणि हा विषय नीट शिकायचा असं ठरवलं. चेव्हनिंग ही ब्रिटन सरकारची शिष्यवृत्ती मिळाली (२८०० तासांच्या कामाचा अनुभव लागतो, कोर्टातली प्रॅक्टिस धरतात, फक्त तास नीट मांडायला लागतात) आणि २०२१ मध्ये एलएलएम (कायद्यातलं मास्टर्स) करायला ब्रिटनच्या एसेक्स विद्यापीठात, कोल्चेस्टरला गेले. तिथलं ह्युमन राइट्स सेंटर जुनं आणि नावाजलेलं, छळाविरुद्धचे युएनचे विशेष प्रतिवेदक (युएनने नेमलेले स्वतंत्र तज्ज्ञ) राहिलेले नायजेल रॉडली तिथे शिकवायचे. तिथल्या क्लिनिकमध्ये विद्यार्थ्यांना खऱ्या संस्थांसाठी खरं काम करायला मिळतं. वर्ष कसं गेलं कळलं नाही, प्रबंध दिला, पास झाले, परत आले.

चेव्हनिंगची अटच आहे की शिकून झालं की किमान दोन वर्षं आपल्या देशात परत यायचं. माझी अटीबद्दल काही तक्रार नव्हती, मला यायचंच होतं, मराठवाड्यातच शिकवायचं होतं. आणि इथे आल्यावर पहिला प्रश्न काय, तर मॅडम, हा एलएलएम ग्राह्य धरायचा का?

तिकडे मास्टर्स एक वर्षाचं असतं, १८० क्रेडिटचं, हे सगळ्यांना माहितीये. जुलै २०२२ मध्ये मी प्रबंध लिहीत बसले होते तेव्हा भारत आणि ब्रिटनचा पदव्यांना परस्पर मान्यता देण्याचा करार झाल्याची बातमी आली, ब्रिटनचं एक वर्षाचं मास्टर्स आता भारतात चालणार म्हणून. बाबांनी फोन करून अभिनंदन केलं, ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले. पण करार उघडून वाचला तर त्यात इंजिनीयरिंग, मेडिकल, नर्सिंग, फार्मसी, आर्किटेक्चर आणि कायदा, हे सगळं वगळलेलं. म्हणजे इतिहासात किंवा राज्यशास्त्रात मानवी हक्क शिकून आलात तर करार तुमचा, कायद्यात शिकून आलात तर नाही. बातमीत हे कुणी ठळक छापलं नव्हतं. एप्रिल २०२५ मध्ये परदेशी पदव्यांच्या समकक्षतेचे (त्या इथल्या पदव्यांच्या बरोबरीच्या धरण्याचे) युजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, नवीन नियम आले त्यातही कायदा बाहेरच ठेवलाय, कारण तो बार कौन्सिलचा (वकिली आणि कायद्याच्या शिक्षणावर देखरेख करणाऱ्या संस्थेचा) प्रांत. तर आत्ता जे जायच्या तयारीत आहेत त्यांनी "आता सगळं सोपं झालंय" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, आधी ते नियम स्वतः वाचा.

आल्यावर एका लॉ कॉलेजात जाहिरात निघाली, बिंदुनामावली (आरक्षणाच्या जागांचा तक्ता) वगैरे सगळं व्यवस्थित, निवड समितीत विद्यापीठाचे प्रतिनिधी बसलेले, मुलाखत चांगली झाली, निवड झाली. प्रिन्सिपल सर माझ्या बाजूने होते, पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण निवड झाली म्हणजे नोकरी लागली असं नसतं, कॉलेजकडून प्रस्ताव विद्यापीठात जातो आणि तिथून मान्यता, ज्याला सगळे अप्रूव्हल म्हणतात, ती यावी लागते. तोपर्यंत तुम्ही तासिका तत्त्वावर, सीएचबी. तास घेतले की मानधन, सुट्टी लागली की काही नाही, दिवाळीच्या महिन्यात हातात किती येतं ते सीएचबी केलेल्यांना विचारा.

प्रस्ताव गेला आणि त्रुटी लागून परत आला. त्रुटी एका ओळीची, परदेशी पदवीची समकक्षता जोडलेली नाही. ठीक आहे, आम्ही विचारलं की समकक्षता कुणाची लागते ते लेखी द्या. लेखी कुणी देईना. विद्यापीठात एका टेबलावर सांगायचे एआययूचं (असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज, तेव्हा परदेशी पदव्यांना समकक्षता देणारी संस्था) पत्र आणा. ती तयारी करून गेलं की शेजारचं टेबल सांगायचं की कायद्याची पदवी असल्यामुळे बार कौन्सिलचा विषय आहे, एआययूचं पत्र आणून उपयोग नाही. मग तिसरे साहेब, ते म्हणायचे आपल्याकडे एलएलएम दोन वर्षांचा असतो, तुमचा एक वर्षाचा, मुळात बरोबरी होतेच कशी. मी सांगितलं की युजीसीने २०१२-१३ मध्येच एक वर्षाच्या एलएलएमची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि आपल्याच देशातल्या नॅशनल लॉ युनिव्हर्सिट्या कितीतरी वर्षं एक वर्षाचा एलएलएम देतायत, त्यांचे विद्यार्थी आपल्याच राज्यात शिकवतायत. त्यावर उत्तर, ते इथलं आहे मॅडम, तुमचं बाहेरचं आहे.

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय. आणि दरवेळी फाईल आवक क्रमांक घेऊन आत जायची, परत बाहेर यायची नाही. विचारायला गेलं की साहेब मीटिंगमध्ये, साहेब परीक्षेच्या कामात, नॅकची (कॉलेजं-विद्यापीठांचं मूल्यांकन करणारी) टीम येणार आहे नंतर या. माझ्याबरोबर ज्यांची निवड झाली होती त्यांची मान्यता आली, पगार सुरू झाला, आणि मी स्टाफरूममध्ये त्याच टेबलावर बसून तोच वर्कलोड घेत होते. सगळ्यात जास्त राग कशाचा येत होता सांगू का, कुणीही नाही म्हणत नव्हतं. नाही म्हणलं असतं तर मी हायकोर्टात गेले असते, ते मला येतं. इथे हो पण नाही आणि नाही पण नाही, आणि ज्याला निर्णयच नाही त्याला आव्हान कसलं द्यायचं. जबाबदार माणसाने निर्णयच द्यायचा नाही आणि समोरच्याला नुसतं ताटकळत ठेवायचं, याला मी तरी अन्यायच म्हणते.

तोडगा दोन गोष्टींनी निघाला. एक म्हणजे आरटीआय, माहितीच्या अधिकाराचा अर्ज. दहा रुपयांची फी, तीस दिवसांत उत्तर द्यायचं बंधन, आणि मी फक्त एवढंच मागितलं की माझ्या प्रस्तावावरच्या सगळ्या टिपण्यांच्या प्रती द्या आणि फाईल आज कुणाकडे आहे ते सांगा. का झालं नाही, कधी होणार, असले प्रश्न आरटीआयमध्ये विचारू नका, त्याला "माहिती या व्याख्येत बसत नाही" असं उत्तर येतं, कागद मागा. प्रती आल्या तेव्हा कळलं की शेवटचा शेरा "कृपया चर्चा करावी" असा होता आणि त्यानंतर काहीच नाही. चर्चा कुणी कुणाशी करायची तेही लिहिलेलं नाही. फाईल विधी कक्षाकडे गेलीच नव्हती, आणि आम्हाला तोंडी सांगितलं जात होतं की विधी कक्षाचा अभिप्राय यायचाय!

दुसरी गोष्ट बार कौन्सिलच्या २०२० च्या नियमांत सापडली. ते नियम बहुतेकांना एकाच कारणासाठी माहिती आहेत, एक वर्षाचा एलएलएम बंद करण्याची तरतूद त्यात होती आणि त्यावरून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. पण त्यातच परदेशी एलएलएमबद्दलही लिहिलंय, की एक वर्षाची परदेशी पदवी आपोआप समकक्ष नाही, पण एलएलबीनंतर चांगल्या मान्यताप्राप्त परदेशी विद्यापीठातून ती घेतलेली असेल तर भारतीय विद्यापीठात किमान एक वर्ष व्हिजिटिंग म्हणून शिकवल्यावर तिचा समकक्ष म्हणून विचार होऊ शकतो. म्हणजे दार बंद नव्हतं, त्या ऑफिसात कुणी ते वाचलं नव्हतं. मी दुसऱ्या एका विद्यापीठाच्या विधी विभागात व्हिजिटिंग म्हणून वर्षभर शिकवलं, आठवड्यातले काही दिवस तिकडे आणि काही दिवस कॉलेजात, एसटीच्या प्रवासातच पेपर तपासले, आणि वर्ष संपल्यावर विभागप्रमुखांकडून तारखा, विषय, तास सगळं नमूद केलेलं पत्र घेतलं. ते पत्र, त्या नियमाची प्रत आणि आरटीआयचं उत्तर असं एकत्र जोडून प्रिन्सिपल सरांच्या सहीने थेट कुलगुरूंच्या नावे नवीन प्रस्ताव दिला. मग मात्र फाईल हलली. मान्यतेचं पत्र हातात आलं तेव्हा मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर रडले आणि मला त्याची काही लाज वाटत नाही. मी जिंकले होते.

तुमची केस वेगळी असू शकते, नियम बदलत असतात, कोर्टात काय चाललंय तेही बघायला लागेल, त्यामुळे आंधळेपणाने माझ्या वाटेने जाऊ नका. पण लेखी मागा, तोंडी उत्तरावर एक दिवससुद्धा थांबू नका.

नेट, म्हणजे प्राध्यापक व्हायला लागणाऱ्या पात्रता परीक्षेचं राहिलं. मानवी हक्क आणि कर्तव्ये हा नेटचा वेगळा विषय आहे, कोड ९२, आणि नाव बघून आपल्यासारख्यांना तोच आपला वाटतो. लॉ कॉलेजात जायचं असेल तर कायदा हा विषय घ्या, कोड ५८, नाहीतर निवड समितीत विषय जुळत नाही यावरून परत वाद. निगेटिव्ह मार्किंग नाही, एकही प्रश्न सोडू नका. महाराष्ट्र आणि गोव्यातच राहायचं असेल तर सेट ही तशीच राज्य पातळीवरची परीक्षा पण चालते, ती पुणे विद्यापीठ घेतं. आणि परदेशातून पीएचडी करणाऱ्यांसाठी युजीसीच्या २०१८ च्या नियमांत सवलत आहे, जागतिक क्रमवारीत पहिल्या ५०० मधलं विद्यापीठ असेल तर नेट लागत नाही. ही सवलत पीएचडीला आहे, एलएलएमला नाही, यात भरपूर लोक गोंधळ करतात.

जायच्या आधीचं एक आठवलं, आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव आणि वर आईचं नाव, आणि पासपोर्टवर क्रम वेगळा. तिकडच्या पदवीवर पासपोर्टप्रमाणे नाव येतं. परत आल्यावर ही दोन माणसं एकच आहेत याचं ॲफिडेव्हिट लागतं, ते आधीच करून ठेवा. तिकडून निघण्याआधी विद्यापीठाकडून एक पत्र घ्या ज्यात कोर्स पूर्णवेळ होता, प्रत्यक्ष कॅम्पसवर झाला, कालावधी किती, क्रेडिट किती हे सगळं एका कागदावर असेल. पदवी तिथल्या सॉलिसिटर किंवा नोटरीकडून प्रमाणित करून अपॉस्टिलही (कागद खरा असल्याचा तिथला सरकारी दाखला) तिथेच करून घ्या, इथे बसून ते कुरिअरने करणं महाग आणि कटकटीचं पडतं.

युएनबद्दल विचारणाऱ्यांना, तिथली इंटर्नशिप बहुतेक ठिकाणी बिनपगारी असते आणि जिनिव्हा, जिथे युएनचं मानवी हक्कांचं काम चालतं, भयंकर महाग शहर आहे, घरून पैसे येणार नसतील तर आधी खर्चाची सोय बघा. यंग प्रोफेशनल्स प्रोग्रामला (युएनमधल्या तरुणांच्या भरतीच्या परीक्षेला) वयाची अट ३२ आहे आणि त्या वर्षी आपल्या देशाचं नाव यादीत असायला लागतं. यूएन व्हॉलंटियर्स हा मार्ग लोक दुर्लक्षित करतात, तो बघा. शिष्यवृत्तीसाठी अनुसूचित जातीतल्या मुलांनी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती जरूर बघावी, आमच्या भागातल्या कितीतरी हुशार पोरांना ती माहितीच नसते.

आणि शिकवण्याबद्दल, कारण एवढं सगळं सोसलं ते त्यासाठीच. मानवी हक्क म्हणजे जिनिव्हा, न्यूयॉर्क, आपला काय संबंध, असं वर्गात पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटत असतं. मी करारांच्या यादीपासून सुरुवात करत नाही. मी जॉली जॉर्ज व्हर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन काढते, १९८०, न्यायमूर्ती कृष्णा अय्यर. भारताने नागरी आणि राजकीय हक्कांचा करार १० एप्रिल १९७९ ला स्वीकारला आणि त्यातलं ११ वं कलम सांगतं की नुसतं कराराप्रमाणे देणं देता येत नाही म्हणून कुणाला तुरुंगात टाकता येणार नाही. कोर्टाने त्या कलमाच्या उजेडात दिवाणी प्रक्रिया संहिता वाचली आणि सांगितलं की ज्याच्याकडे खरंच नाही, ज्याची दानत खोटी नाही, त्याला कैद नाही. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी कर्ज आहे. त्या दिवसानंतर जिनिव्हाचा काय संबंध असं कुणी विचारत नाही.

मग नीलाबती बेहरा, १९९३, कोठडीतला मृत्यू. भारताने करार स्वीकारताना बेकायदा अटकेच्या भरपाईबद्दल हात राखून ठेवला होता, तरी कोर्टाने आईला भरपाई दिली आणि करारातलं तेच कलम निकालात आलं. मग विशाखा, १९९७, कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ. मग हेही सांगते की छळविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली पण अजून तो मंजूर केलेला नाही, आणि वैयक्तिक तक्रार थेट मानवाधिकार समितीकडे नेण्याची मुभा देणारा प्रोटोकॉलही आपण स्वीकारलेला नाही, म्हणजे आपल्या पक्षकाराचं भांडण आपल्यालाच इथल्या कोर्टात लढायचंय. आणि मानवाधिकार परिषद वेगळी, ४७ देशांची, आणि मानवाधिकार समिती वेगळी, १८ तज्ज्ञांची, हे परीक्षेत दरवर्षी कुणीतरी उलटसुलट लिहितंच.

जुलै २०२४ मध्ये त्या समितीपुढे भारताचा अहवाल आला, १९९७ नंतर पहिल्यांदा. युएनच्या वेब टीव्हीवर ती सुनावणी कुणालाही बघता येते. मी कॉलेजच्या प्रोजेक्टरवर लावली, मध्ये दोनदा लाईट गेली तरी मुलं उठली नाहीत. नंतर तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने विचारलं की मॅडम, समितीला सरकारच्या अहवालाव्यतिरिक्त पर्यायी अहवाल संस्था पाठवतात तसा आपल्या जिल्ह्यातल्या कच्च्या कैद्यांबद्दल आपण पाठवू शकतो का. पाठवता येतो. आता ती आणि वर्गातली काही मुलं तुरुंगाची आकडेवारी मिळवायला आरटीआय टाकतायत, आणि अर्ज कसा लिहायचा ते मी त्यांना माझ्याच फाईलवरून शिकवलंय.