डाव्या कोपराची तक्रार

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात तालमीतल्या पोरांचे खांदे-गुडघे नेहमीचे. गोल्फमुळे दुखावलेले कोपर विरळाच. शिरोलीत फाउंड्री चालवणाऱ्या एका गृहस्थांच्या डाव्या कोपराची बाहेरची बाजू ठणकत होती. गोल्फच्या फटक्यातला जोर उजव्या हाताचा की डाव्याचा, यावर दोन पक्ष आहेत. चेंडू उजवा हात मारतो, डावा नुसता क्लब, म्हणजे गोल्फची काठी, धरतो, अशी त्यांची पक्की समजूत असल्याने दुखणे भलत्याच हाताला झाले असे त्यांना वाटत होते.

गच्चीवर चटई अंथरून मी त्यांना हलक्या जोराने क्लब फिरवायला लावला आणि मोबाइलवर चित्रण करून ते संथ गतीने पाहिले. क्लब वरून चेंडूपर्यंत यायला सुमारे पाव सेकंद लागतो. तेवढ्यात कोणत्या हाताने जोर लावायचा हे ठरवता येत नाही, जे काही होते ते सवयीने. यांचा उजवा कोपर खाली येण्याच्या सुरुवातीलाच ताठ होत होता. त्यामुळे मनगटांचा मोड वरच सुटून क्लबचा वेग चेंडूच्या अलीकडेच खर्ची पडत होता, आणि जागा करून देण्यासाठी डावा कोपर वाकत होता. क्लब चटईवर आपटला की तो हादरा करकचून आवळलेल्या डाव्या मुठीतून थेट कोपराच्या स्नायूबंधाला बसे.

शेजारच्या टेबलावरून उठून आलेला एक मल्ल हे बघत होता. कुस्तीतल्या ढाक या डावाचा दाखला देत तो म्हणाला, "काका, ढाक काय हातानं लागत न्हाई, कंबर आत घालाय लागती." माझे अर्धे काम त्याने केले.

आधी कंबर वळते, मग धड, आणि छातीला लागून असलेला डावा हात त्या ओढीने खाली येतो. तो लांब राहिला तर क्लबचा घेर टिकतो. उजवा कोपर बरगडीजवळ दुमडलेला राहून चेंडूजवळ येताना सरळ होतो. म्हणजे उजव्याचा धक्का खराच, पण तो उशिरा यावा लागतो. सगळे श्रेय एकाच हाताला देणारे दोन्ही पक्ष मला अपुरे वाटतात. अमेरिकी गोल्फपटू फिल मिकेलसन एरवी उजखोरा, पण गोल्फ डावखुरा खेळतो. त्याचा बळकट उजवा हात पुढे, म्हणजे या गृहस्थांच्या डाव्याच्या जागी असतो, तरी चेंडू लांब जातोच.

मी त्यांना काही दिवस खेळ बंद ठेवायला सांगितले, मनगट वर उचलून सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम दिला आणि मूठ सैल धरायला लावली. "डॉक्टर, मग उजव्यानं मारायचंच नाही का?" त्यांनी जाताना विचारले. मारा, पण कंबर वळल्यावर, असे मी सांगितले.