मधुमेहाच्या उंबरठ्यावरून मागे फिरताना

माझ्या वडिलांना मधुमेह होता आणि थोरल्या भावालाही चाळिशीनंतर तो झाला. त्यामुळे आशा कार्यकर्ती तपासणीचा फॉर्म घेऊन इंदूरच्या लोकमान्य नगरातील आमच्या घरी आली, तेव्हा मी तिला आवर्जून बसवून घेतले. तीस वर्षांवरील सर्वांसाठी असलेल्या या सरकारी तपासणीत वय, तंबाखू, मद्य, कंबरेचा घेर, आठवड्याचा व्यायाम आणि आईवडील-भावंडांचे आजार विचारून गुण देतात. बेरीज चारच्या वर गेली की त्या व्यक्तीची तपासणी आधी करतात. माझी गेली. स्त्रियांसाठी कंबरेची मर्यादा ८० सेंटीमीटर, माझी भरली ८७.

पुढे प्रयोगशाळेत उपाशीपोटीची साखर ११२ आली आणि एचबीएवनसी ६.१. हा दुसरा आकडा साधारण तीन महिन्यांतल्या रक्तातील साखरेची सरासरी सांगतो, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था, ६.५ पासून मधुमेह. रक्तात लोह कमी असेल तर तो खोटा वाढलेला दिसू शकतो, म्हणून डॉक्टरांनी हिमोग्लोबिनही पाहिले. ते ठीक होते. मला ना जास्त तहान लागत होती, ना थकवा होता. या अवस्थेत बहुधा काहीच जाणवत नाही, आणि म्हणूनच त्रास होण्याची वाट न पाहता मोजून घेणे मला इतके महत्त्वाचे वाटते.

डॉक्टरांनी औषध लगेच दिले नाही. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात वजन सात टक्क्यांनी उतरवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालणे, एवढे ध्येय ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, तर मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचे औषध घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी, असे त्यांनी सांगितले. २००६ सालच्या भारतीय अभ्यासात जीवनशैली बदलल्याने झालेली घट सुमारे २८ टक्के होती. मला हा लहान आकडाच अधिक भरवशाचा वाटला, कारण तो आपल्यासारख्या शरीराच्या, आपल्यासारखे जेवणाऱ्या माणसांचा आहे.

खरे काम स्वयंपाकघरात होते. इंदुरात सकाळ पोह्यांनी होते आणि ते सोडण्याचा विचार मी केलाच नाही. फक्त पोहे निम्मे करून त्यांत मोड आलेले मूग, मटार आणि शेंगदाणे वाढवले, वरची शेव बंद केली आणि जिलेबी सणासुदीपुरती ठेवली. दुपारी आधी कोशिंबीर आणि उसळ, मग पोळी, आणि भात शेवटी वाटीभर, असा क्रम लावला, कारण भाज्या आणि डाळी आधी पोटात गेल्या की जेवणानंतरची साखर सावकाश चढते. रात्रीचे जेवण आठच्या आत आणले. सर्वांत अवघड होता आग्रह. म्हणून सासूबाईंना मी डॉक्टरांकडे सोबत नेले. परतताना त्या म्हणाल्या, “तुझ्या पोळीत पुरण कमी भरते, पण नैवेद्याला नाही म्हणू नकोस.” ही तडजोड आजही चालू आहे, आणि त्यांच्या सहभागाशिवाय कोणताही आहारतक्ता आमच्या घरात टिकला नसता.

चालण्यासाठी उन्हाळ्यात पहाट गाठावी लागते, पावसाळ्यात घरातल्या लांब पडवीत फेऱ्या मारते. जेवणानंतरची पंधरा मिनिटे मात्र कधी चुकवत नाही, कारण काम करणारे स्नायू रक्तातली साखर थेट उचलतात. त्याच कारणाने आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचा आणि वजने उचलण्याचा व्यायामही करते.

वजन ६८ वरून ६३ किलोवर आले आणि एचबीएवनसी ५.६ झाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे की जुन्या सवयी परतल्या तर आकडाही परतेल, म्हणून ही तपासणी दरवर्षी होते. सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाबही पाहतात, तसेच तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचीही तपासणी होते. माझ्या ओळखीच्या अनेक बायका संकोचाने ती टाळतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. भावाच्या मुलीला गरोदरपणात साखर वाढल्याचे निदान झाले होते, आणि अशा स्त्रियांना पुढे मधुमेहाचा धोका बराच जास्त असतो. बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत तपासणी करायला हवी, हे तिच्या घरी कोणाच्या लक्षात नव्हते. मी तिला सोबत घेऊन गेले. साखर सध्या ठीक आहे, आणि पुढच्या तपासणीची तारीख आम्ही दोघींनी एकाच दिवशी ठेवली आहे.