सच्छिद्रता २८ टक्के, तरी तेल जागचं हलेना

आज दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते. तेलविहिरीतून काढलेल्या चुनखडकाचे ३० मायक्रॉनचे पातळ काप, पोकळ्या उठून दिसाव्यात म्हणून त्यांत निळं रेझिन. एक काप बघून तर हरखूनच जावं, इतकी निळाई! सच्छिद्रता, म्हणजे खडकातल्या पोकळ्यांचा वाटा, २८ टक्के. पारगम्यता, म्हणजे द्रव आरपार वाहू देण्याची क्षमता? जेमतेम ४ मिलिडार्सी (ती मोजायचं एकक).

कारण समोरच होतं. गोल ऊइड कण (थरांवर थर चढून बनलेले चुन्याचे बारीक गोळे) विरघळून त्यांचे रिकामे साचे उरलेत आणि मधल्या जागेत कॅल्साइटचं सिमेंट गच्च बसलंय. खोल्या भरपूर, दारं जवळपास नाहीतच. वर खडकाच्या विद्युत रोधावरून त्यात पाणी किती ते काढणाऱ्या आर्चीच्या समीकरणात सिमेंटेशन घातांक (पोकळ्या कितपत जोडलेल्या आहेत ते दाखवणारा आकडा) सवयीने २ धरला, की अशा खडकात पाणी कमी दिसतं आणि तेल उगाच जास्त. कागदावर सगळे खूश.

त्याच विहिरीतला थोडा खालचा काप अलिझारिन या रंगद्रव्याने रंगवला. कॅल्साइट लालभडक, डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेलं त्याचं भावंड खनिज) कोरंच. साखरेसारखे दाणेदार स्फटिक, सच्छिद्रता फक्त १४ टक्के, पण पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या, त्यामुळे पारगम्यता शंभर मिलिडार्सीवर.

तरी अहवालात लोक 'ग्रेनस्टोन (कणाला कण टेकलेला, चिखल नसलेला चुनखडक), म्हणजे उत्तम' लिहून मोकळे होतात. हे नाव ज्यातलं, ते डनहॅमचं चुनखडकांचं १९६२चं वर्गीकरण मला आवडतंच, पण ते गाळ कसा साचला एवढंच सांगतं. पुढे लाखो वर्षं पाण्याने काय विरघळवलं, काय बुजवलं, ते कापातच शोधावं लागतं.

भेगा आणि मोठ्या पोकळ्या तर दीड इंची प्लगमध्ये, म्हणजे चाचणीसाठी कापलेल्या छोट्या तुकड्यात, मावतही नाहीत. त्यासाठी विहिरीतून काढलेला खडकाचा अख्खा दंडगोल, म्हणजे गाभा, आणि विहिरीची दाब-चाचणी हवी. उद्या त्याच मागणीवरून बैठकीत वाद होणार, हे नक्की.