साडेचार मिलिमीटर

तक्रार एका ओळीची होती: बोर्ड पाण्यात अडतोय.

सहा फूट एक इंचाचा, तीन फिनांचा, म्हणजे शेपटाखाली बसवलेल्या तीन उभ्या पात्यांचा, सर्फबोर्ड. मालक पेशाने सुतार, ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टवर घरांचे लाकडी सांगाडे उभे करणारा, आणि चाळिशी उलटली तरी पहाटेची लाट न चुकवणारा. या बोर्डाने त्याला कधी दगा दिला नव्हता. मग एकदा उथळ पाण्यात डावा फिन वाळूवर आपटला आणि तो ज्या खोबणीत बसतो त्या बॉक्ससकट उपटून निघाला. दुसरीकडे कुठेतरी त्याने तो बसवून घेतला, आणि तेव्हापासून बोर्डाचा जीवच गेला, असं त्याचं म्हणणं.

बर्ली हेड्सच्या मागच्या औद्योगिक वसाहतीत आमचं वर्कशॉप आहे. नवे बोर्ड घडवायचं काम आमच्या शेपरचं, मोडलेले जोडायचं माझं. इथे येण्याआधी मी मुंबईत जहाजदुरुस्तीत होते. तिथले प्रोपेलर टनांत मोजायचे, इथले फिन ग्रॅमांत. पण पाणी तेच आणि त्याचे नियमही तेच.

सुताराने आपल्या परीने सगळे उपाय करून झाले होते. फिनच्या बुडाशी मिलिमीटरभर फट होती, ती टेपने बुजवली होती. स्क्रूच्या खळग्यांत मेण भरलं होतं. फिनांच्या पुढच्या धारा पाणी लावून 1200 नंबरच्या पॉलिश पेपरने अशा घासल्या होत्या की बोटाला काच लागावी. शिवाय फिनांचे नवे सेट विकत घेऊन लावून पाहिले होते. "कुठेतरी घर्षण वाढलंय," तो म्हणाला, "तेवढं शोधून दे."

अशी माणसं मला मनापासून आवडतात. बहुतेक लोक बोर्ड विकून मोकळे होतात. हा कारण शोधत होता, फक्त चुकीच्या ठिकाणी.

मी कागदावर आकडे मांडून दाखवले. लाटेवर बोर्ड सेकंदाला सहा मीटर वेगाने चाललाय असं धरू. मध्यम आकाराच्या एका फिनचं क्षेत्रफळ साधारण 100 चौरस सेंटीमीटर असतं. सरळ जाताना असा एक फिन पाण्याला जेमतेम दोन न्यूटन रोध करतो, म्हणजे दोनशे ग्रॅम वजनाइतका. तिघांचा मिळून पाच-सहा न्यूटन. माणसासकट अख्ख्या बोर्डाचा रोध याच्या वीस-पंचवीसपट तरी असतो. पुढची धार घासून या पाच-सहा न्यूटनांतला थोडा भाग वाचेलही, पण पायाला ते कळायचं नाही. फटीचं आणि खळग्यांचं तर आणखी निराळं. बोर्डाच्या तळाला लागून मंदावलेल्या पाण्याचा एक थर सरकत असतो. फिनांपाशी पोचेपर्यंत तो सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर जाड झालेला असतो. मिलिमीटरची फट आणि स्क्रूचे खळगे त्या थराच्या पोटातच राहतात.

त्याला हे पटलं नाही. सुतार माणूस, हाताने मोजल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही. मलाही ते रास्तच वाटलं. म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही शेपरची ॲल्युमिनियमची होडी घेऊन ब्रॉडवॉटरच्या शांत पाण्यात गेलो. दोराला मधे स्प्रिंगचा काटा लावला, दोराचं टोक सुताराच्या हातात दिलं, आणि शेपर एकसारख्या वेगाने होडी हाकू लागले. आधी टेप आणि मेणासकट, मग ते सगळं खरवडून काढून, मग जुने ओरखडे पडलेले फिन लावून.

काटा 13 ते 18 किलोंच्या दरम्यान नाचत राहिला, प्रत्येक वेळी तसाच. बारीकशी लहर आली किंवा त्याने गुडघा वाकवला की किलो-दोन किलोंचा फरक पडत होता. फिनांच्या गुळगुळीतपणाचा फरक, असलाच, तर या नाचात शोधूनही सापडला नसता.

पण होडीच्या मागच्या कडेला बसल्यामुळे मला दुसरंच काही दिसलं. तो डावा पाय पुढे ठेवून उभा राहतो, म्हणजे टाचा बोर्डाच्या डाव्या कडेकडे. सरळ जाताना मागचा पाय सैल असायला हवा. याच्या मागच्या पायाची टाच सतत दाबलेली होती. पोटरी ताठ, घोटा थरथरतोय, आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ता नाही. किनाऱ्यावर आल्यावर मी विचारलं, "मागचा पाय दुखतो का?" तो म्हणाला, "अलीकडे दुखतो खरा. मला वाटलं, वय झालं."

परत आल्यावर बोर्ड घोडीवर उलटा ठेवला. बाजूचे फिन मधल्या रेषेला समांतर नसतात. त्यांची पुढची टोकं किंचित आत, बोर्डाच्या नाकाकडे वळवलेली असतात. बोर्डाखालचं पाणी मागे जाता जाता बाहेर पसरतं, त्या वाटेला फिन जुळावेत म्हणून हा कल. फिनची आतली बाजू सपाट आणि बाहेरची फुगीर असते, तिचाही या कलाशी मेळ घातलेला असतो. गाडीच्या पुढच्या चाकांचं अलाइनमेंट करतात, तसलाच हा प्रकार. मी फुटपट्टी आणि गुण्या सुताराच्याच हातात दिला. मधल्या लाकडी पट्टीपासून उजव्या फिनच्या पुढच्या टोकापर्यंतचं अंतर आणि मागच्या टोकापर्यंतचं अंतर, यांत फरक आला 6 मिलिमीटर. जसा हवा तसा. डाव्या फिनला फरक आला दीड मिलिमीटर. त्याने पुन्हा मोजलं, पट्टी उलटी धरून तिसऱ्यांदा मोजलं. दीडच.

साडेचार मिलिमीटरचा फरक, 114 मिलिमीटर लांबीच्या बुडावर. कोनात मोजला तर सव्वादोन अंश. रोधाच्या हिशेबाने हा क्षुल्लकच: सरळ रेषेत अर्धा न्यूटनही वाढत नाही. पण फिन हा पाण्यात उभा केलेला पंख आहे. सव्वादोन अंशांनी त्याच्यावर आडवा जोर येतो तो सेकंदाला सहा मीटर वेगाला पंचवीसेक न्यूटन. म्हणजे अडीच किलोचं वजन बोर्डाचं शेपूट सारखं डावीकडे ढकलतंय आणि नाक उजवीकडे वळवतंय. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट.

आता बर्लीची लाट आठवा. ती लाट उजवीकडे फुटत जाते आणि पाण्याची भिंत स्वाराच्या उजव्या हाताला असते. उजवीकडे ओढ खाणारा बोर्ड भिंतीवर आपणहून चढतो, पण खाली यायला तयार होत नाही. प्रत्येक वेळी टाच दाबून, कड पाण्यात रुतवून त्याला खाली आणावं लागतं. वेग जात होता तो त्या रुतवण्यात. सुताराला अडकल्यासारखं वाटत होतं यात खोटं काहीच नव्हतं; अडवणूक करत होता तो स्वतःचाच पाय.

शेपर एवढा वेळ चहाचा मग धरून ऐकत होते. सिडनीचा सर्फर आणि शेपर सायमन अँडरसन याने 1980 मध्ये दोन फिनांना मागे तिसरा, तेवढाच मोठा फिन जोडला आणि 1981 मध्ये बेल्स बीचच्या अजस्र लाटांवर तो बोर्ड घेऊन स्पर्धा जिंकली, तेव्हा आमचे शेपर ऐन विशीत होते. त्या रचनेचं पेटंट अँडरसनने घेतलं नाही. "सगळ्यांनी नक्कल केली," शेपर म्हणाले, "आकार नकलला, जागा नकलली. कोन नकलायला मात्र मोजावं लागतं." दुरुस्ती करणाऱ्याने बॉक्स मजबूत बसवला होता, रेझिनही चांगलं होतं. फक्त उजव्या बाजूचं माप डावीकडे नेलं नव्हतं.

बॉक्स काढताना मी एक अट घातली: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. फट, खळगे, ओरखडे, सगळं जसंच्या तसं राहील. मधल्या फिनची एक कटकट होती, वेग आला की तो गुणगुणायचा. सुताराच्या मते अडतंय याचा तोच पुरावा. तोही तसाच ठेवायचं ठरलं. मग राउटरने, म्हणजे खाचा कोरायच्या यंत्राने, डावा बॉक्स कोरून काढला, खाली नवा फोम भरला, उजव्या बाजूवरून उतरवलेल्या साच्याने खाच पाडली आणि काचतंतू मिसळलेल्या रेझिनमध्ये बॉक्स बसवला. रेझिन घट्ट होईपर्यंत साचा काढला नाही. त्या घटकाभरातच कोन हळूच सरकतो, आणि मागच्या वेळी बहुधा तेच झालं असावं.

पुढच्या चांगल्या लाटांच्या सकाळी मी बर्लीच्या काळ्या दगडांवर उभी होते. त्याची पहिलीच लाट पाहिली आणि मला निकाल कळला. वर चढला, वळला, खाली आला. मधे पाय रुतवणं नाही. बाहेर आल्यावर तो दगडांवरून सांभाळत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "अजून गुणगुणतोय. पण सुटला."

गुणगुणण्याचं कारण मला जहाजांमुळे ठाऊक होतं. प्रोपेलरच्या पात्याची मागची कड बोथट असली की तिच्यापासून पाण्याचे भोवरे एका लयीत सुटतात. ती लय पात्याच्या स्वतःच्या कंपनाशी जुळली की पातं गाऊ लागतं. सुताराचा मधला फिन वाळूवर टवका उडून मागे दोन मिलिमीटर जाड उरला होता. सेकंदाला सहा मीटर वेगाला त्या कडेवरून सेकंदाला सहाशेच्या आसपास भोवरे सुटतात, कानाला स्पष्ट ऐकू येईल असा सूर. उपाय जहाजांवरचाच: मागची कड एकाच बाजूने तिरकी घासायची, म्हणजे भोवऱ्यांची लय मोडते. पॉलिश पेपरने तिथेच दगडावर बसून घासली. तो परत पाण्यात गेला तेव्हा आवाज थांबला होता. वेगात फरक वाटला का, हे मी मुद्दाम विचारलं. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, नाही.

त्याच आठवड्यात तो घरचे आणखी दोन बोर्ड आणि स्वतःचा गुण्या घेऊन हजर झाला. एका बोर्डाचे दोन्ही फिन सहा-सहा मिलिमीटरवर होते. दुसऱ्याचा एक फिन सहावर, एक पाचवर. त्याचा चेहरा उतरला, आता हाही कापावा लागणार की काय. मी विचारलं, या बोर्डाबद्दल कधी तक्रार होती? नव्हती, उलट लहान लाटांसाठी त्याचा तोच लाडका. एक मिलिमीटर म्हणजे अर्धा अंश, पाचेक न्यूटन; एवढं पाऊल सहज पचवतं, आणि चांगला बसलेला बॉक्स उपटण्यात धोका जास्त. मी बोर्ड त्याच्या पिशवीत परत घातला आणि कामाच्या वहीत लिहिलं: हात लावलेला नाही.