तेरच्या पांढरीतली काच

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला गेले ती त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ आणि लामतुरे संग्रहालय बघायला. संग्रहालयात मण्यांसमोरून पाय निघेना. तिथून तेरणा नदीच्या बाजूला चालायला निघाले, तर नजर सारखी जमिनीकडे. पाऊस येऊन गेलेला, रान नांगरलेलं. जुन्या वस्तीच्या मातीला आपल्याकडे पांढर म्हणतात. राखट, भुसभुशीत, खापरांनी भरलेली.

"काय हुडकताय ताई?" बांधावरून एका काकांनी विचारलं.

"काच दिसते का बघतेय, काका. येऊ का आत?"

"या की. पाऊस झाला की वर येतीच ती."

पहिला तुकडा जाड, हिरवट. मी हरखले. पण पाणी लावून पुसला तर साच्याचा उभा सांधा दिसला, आणि मानेजवळ गोटी अडकायला दाबून काढलेली खाच. गोटी सोड्याची बाटली! तिचं पेटंटच १८७२चं. रंगावर कधी जाऊ नये. ही हिरवट झाक वाळूतल्या लोहाने येते आणि काच जुनी असो की नवी, दोन्हींत असते.

दुसरा तुकडा बांगडीचा, नखाएवढा. वर मोरपंखी साय. ओल्या मातीत काचेतला क्षार झिरपून जातो, पापुद्रे सुटतात आणि त्यांवर उजेड फुटून असे रंग दिसतात. फार देखणं दिसतं ते! पण साय धरणं मातीवरही अवलंबून असतं, त्यामुळे नुसत्या सायीवरून मी काळ सांगणार नाही.

मग ढेकळाच्या कडेला मोहरीएवढा विटकरी मणी. भिंगाखाली धरला आणि श्वासच रोखला. आतले बुडबुडे गोल नव्हते, भोकाच्या दिशेने लांबट ओढले गेले होते. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी-प्रवासाच्या पुस्तकात पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं नगर म्हणून तगर येतं, ते हेच तेर. अशा जागी मणी जिथे सापडतो ती जागा निम्मी ओळख सांगते. म्हणून शेजारी नाणं ठेवून फोटो काढला, उचलून पिशवीत टाकला नाही. संग्रहालयात कळवा, एवढं काकांना सांगितलं.

काकांनी मणी तळहातावर घेऊन उन्हात धरला. "एवढ्याशा मण्याला भोक पाडलं कसं असंल?"

"पाडलंच नाही, काका. तापलेल्या काचेची पोकळ नळी ओढत लांब, बारीक करायची आणि मग तिचे तुकडे करायचे. भोक आधीपासूनच आत. ते बुडबुडे बघा, नळीबरोबर तेही ताणले गेलेत."

काकांनी भिंग मागून घेतलं आणि बराच वेळ परत दिलं नाही.